शाळेत मुलाने काही सांगितलं तर पोलिसांना कळवायचं कोणी, कधी आणि कसं?

प्रश्न हडपसर भागातल्या एका शिक्षिकेचा आहे. त्या तिसरीच्या वर्गशिक्षिका. वर्गातली एक मुलगी काही दिवसांपासून शाळा सुटली की व्हॅनमध्ये बसायला तयार नसते, दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावते. परवा मधल्या सुट्टीत ती बाईंना म्हणाली, "व्हॅनवाले काका मला पुढे त्यांच्याजवळ बसवतात. त्यांची गंमत मला नाही आवडत. कोणाला सांगायचं नाही म्हणालेत." पुढे ती काही बोलली नाही. बाईंनी मुख्याध्यापिकांच्या कानावर घातलं. त्यांचं म्हणणं असं, की आधी खात्री करून घेऊ, व्हॅनवाल्याला बोलावून विचारू, मग संस्थाचालकांशी बोलू. शिवाय व्हॅन पालकांनी लावलेली आहे, शाळेची नाही. बाई विचारतात: एवढ्यावर पोलिसांत जायचं का? गेले आणि तसं काही निघालं नाही तर? माझ्या नोकरीचं काय? (मुलगी ओळखू येईल असे तपशील मी बदलले आहेत.)

बाई, हो. एवढ्यावर कळवायचं, आणि आजच कळवायचं. त्याआधी एक गोष्ट: आज शाळा सुटल्यावर ती मुलगी त्या व्हॅनमध्ये बसणार नाही, याची व्यवस्था करा. आईला किंवा वडिलांना शाळेत बोलावून घ्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी पुण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. शिक्षकांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असते. काय घडलं याचा छडा लावणं हे आपलं काम नाही. आपल्याला जे दिसलं आणि ऐकू आलं ते योग्य ठिकाणी, जसंच्या तसं आणि उशीर न करता पोचवणं एवढंच आपलं काम. मुलाने सांगितल्यापासून पोलिसांना कळेपर्यंत जो वेळ जातो, त्यातच सगळ्यात जास्त नुकसान होतं. तेवढ्या वेळात मूल पुन्हा त्याच माणसाच्या हाती लागतं, पुरावा जातो, मुलावर गप्प बसण्यासाठी दबाव येतो आणि शेवटी मूलच म्हणतं, "नाही, मी खोटं बोललो."

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या, कारण स्टाफरूममध्ये याबद्दल चुकीच्या समजुती फार आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे आपण ज्याला पोक्सो म्हणतो तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं कोणीही, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक. कलम १९ सांगतं, की गुन्हा घडल्याचं माहीत असेल किंवा गुन्हा घडण्याची शक्यता वाटत असेल, तर ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायचीच. पुरावा असेल तरच कळवा, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. रास्त शंका पुरते. एक लहान मुलगी एका मोठ्या माणसाला टाळते आहे, त्याची "गंमत" आवडत नाही म्हणते आहे आणि त्याने तिला गप्प राहायला बजावलं आहे. शंका यायला यापेक्षा जास्त काय हवं?

आणि कायदा हे कोणाला सांगतो? "कोणत्याही व्यक्तीला." त्यात मुख्याध्यापक आले, शिक्षक आले, शिपाईमामा आले, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आल्या आणि मीही आले. "मी मॅडमना सांगितलं, माझं काम झालं," असं म्हणून सुटका होत नाही. वरिष्ठांना सांगणं शाळेच्या शिस्तीला धरून आहे, तेवढं जरूर करा. पण पोलिसांपर्यंत माहिती पोचली नाही, तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर शिक्षा वर्षभरापर्यंत आणि वर दंड. मुलांना मात्र न कळवल्याबद्दल शिक्षा नाही.

ही कलमं नुसती कागदावर आहेत, असं कोणी म्हणालं तर दोन प्रकरणं त्यांच्यापुढे ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात मुलींवर अत्याचार झाले होते. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने ते पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे, असं स्पष्ट सांगितलं. दुसरं बदलापूरचं, ऑगस्ट २०२४ मधलं. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाल्याची तक्रार होती. शाळेने वेळेवर कळवलं नाही, पोलिसांनी तक्रार घ्यायला वेळ लावला, आणि मग लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या शाळेच्या चालकांवर न कळवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासन निर्णय काढला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असायची ती सखी सावित्री समिती, हे सगळं त्यात आहे. असा प्रकार लक्षात आला तर शिक्षणाधिकाऱ्यांना २४ तासांत कळवा, असंही त्यात आहे. पण शिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही. पोलिसांना कळवायचंच, आणि आधी कळवायचं.

"व्हॅन आमची नाही" या म्हणण्याला इथे काही अर्थ नाही. कळवण्याची जबाबदारी माहिती असण्यावर ठरते, व्हॅन कोणाच्या मालकीची आहे यावर नाही. व्हॅन पालकांनी लावलेली असो, शेजारच्या काकांची असो, गुन्हा क्लासमध्ये झालेला असो वा गावी मामाच्या घरी, मुलाने तुम्हाला सांगितलं की तुम्ही बांधले गेलात. (शालेय वाहतुकीसाठी २०११ पासून राज्याचे वेगळे नियम आहेत आणि शाळेत परिवहन समितीही असायला हवी. तिची शेवटची बैठक कधी झाली, हेही या निमित्ताने मुख्याध्यापिकांना विचारा.)

आता मुलीशी बोलण्याबद्दल. सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी लागते.

तिने तुम्हाला निवडलं. वर्गात चाळीस-पन्नास मुलं, घरी आईबाबा, आजी, आणि तरी ती तुमच्यापाशी बोलली. तुमचा चेहरा कसा होतो, हे ती बारकाईने बघत असते. तुम्ही दचकलात, डोळ्यांत पाणी आणलंत, "अगं बाई!" म्हणालात, की ती तिथेच थांबते. कारण तिला वाटतं, आपण काहीतरी वाईट सांगितलं. म्हणून आवाज रोजचा ठेवा. तिच्या उंचीला बसा. दार लावून घेऊ नका; दूरून दोघी दिसाल पण बोलणं कोणाला ऐकू जाणार नाही, अशी जागा बघा. व्हरांड्याचं टोक, ग्रंथालयाचा कोपरा चालेल. मुख्याध्यापकांची केबिन नको. मुलांच्या मनात त्या केबिनचा संबंध शिक्षेशी असतो.

म्हणायचं ते इतकंच: "तू मला सांगितलंस ते फार बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. तुला त्रास होऊ नये म्हणून मला हे आणखी एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल." शेवटचं वाक्य गाळू नका. "कोणाला नाही सांगणार, आईशपथ" असं चुकूनही म्हणू नका. ती शपथ तुम्हाला मोडावी लागणार आहे, आणि ज्या माणसाने तिला त्रास दिला त्यानेही तिच्याकडून गुपितच मागितलं होतं.

प्रश्न कमीत कमी. "मग?" "अजून काही सांगायचंय?" "गंमत म्हणजे काय गं?" एवढे पुरे. "त्यांनी तुला इथे हात लावला का?" हा प्रश्न विचारायचा नाही, कारण त्यात उत्तर आधीच दिलेलं आहे. पुढे कोर्टात बचावाचा वकील म्हणेल, की हे बाईंनी तिच्या तोंडी घातलं. "तू ओरडली का नाहीस?", "आधी का नाही सांगितलंस?" हेही नको; त्यातून मुलाला दोष आपल्याकडे आल्यासारखं वाटतं. ती गप्प झाली तर गप्प राहू द्या. तुम्हाला शंका येण्यापुरतं कळलं आहे. पुढचं विचारण्यासाठी प्रशिक्षित माणसं आहेत आणि ते त्यांनीच विचारायला हवं. कपडे वर करून खुणा बघणं, फोटो काढणं, मोबाइलवर तिचं बोलणं रेकॉर्ड करणं, यातलं काहीही करू नका. रेकॉर्डिंग एकदा फोनमध्ये आलं की कुठवर जाईल, यावर तुमचा ताबा राहत नाही.

मग लगेच, त्याच तासाभरात, स्वतःच्या हाताने लिहून काढा. कसं लिहायचं ते दाखवते, कारण बहुतेक नोंदी इथेच बिघडतात. "सदर विद्यार्थिनीवर वाहनचालकाकडून अत्याचार झाल्याचे निदर्शनास आले" ही नोंद निरुपयोगी आहे, कारण त्यात मुलीचा एकही शब्द नाही आणि निष्कर्ष मात्र तुमचा आहे. नोंद अशी हवी:

"मंगळवार, सकाळी साधारण १०.२०, मधली सुट्टी, वर्गाबाहेरचा व्हरांडा. मी आणि ती दोघीच. मी विचारलं, 'डबा नाही खाल्लास?' ती म्हणाली, 'भूक नाही.' मग स्वतःहून म्हणाली, 'व्हॅनवाले काका मला पुढे त्यांच्याजवळ बसवतात. त्यांची गंमत मला नाही आवडत. कोणाला सांगायचं नाही म्हणालेत.' मी विचारलं, 'गंमत म्हणजे काय?' ती बोलली नाही. युनिफॉर्मचा पट्टा बोटांना गुंडाळत होती. घंटा झाल्यावर वर्गात गेली. गेले सुमारे आठ दिवस शाळा सुटल्यावर व्हॅनकडे जायला टाळाटाळ करते, हे मी स्वतः पाहिलं आहे."

खाली तारीख, वेळ, सही. मुलाने अवयवाला घरचा, बोबडा, कसाही शब्द वापरला असला तरी तोच लिहायचा. सोज्वळ करून लिहू नका. तुम्ही विचारलेला प्रश्नही लिहा. त्या प्रश्नामुळेच पुढे सिद्ध होतं, की तुम्ही मुलीला काही शिकवलं नाही. तुमचं बोलणं परवा झालं आहे आणि नोंद अजून केली नसेल, तर आज करा. त्यावर आजचीच तारीख घाला आणि बोलणं कधी झालं तेही लिहा. मागची तारीख घालू नका.

आता "आधी खात्री करून घेऊ" याबद्दल. मुख्याध्यापिकांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकांना खरंच वाटतं, की एखाद्यावर खोटा आळ यायला नको. पण शाळेची चौकशी प्रत्यक्षात कशी होते, ते मी पाहिलं आहे. एका शाळेत सातवीतल्या मुलाने प्रयोगशाळेतल्या मदतनिसाबद्दल वर्गशिक्षकांना सांगितलं. वर्गशिक्षकांनी त्याला पर्यवेक्षिकांकडे नेलं. तिथे पुन्हा सांग. मग मुख्याध्यापक, मग संस्थेचे सचिव. शेवटी "समोरासमोर होऊन जाऊ दे" म्हणून त्या माणसालाच खोलीत बोलावलं आणि त्याच्यासमोर मुलाला विचारलं, "आता सांग, काय केलं यांनी?" मुलगा म्हणाला, "काही नाही." झालं! कागदावर प्रकरण मिटलं. त्या मदतनिसाने राजीनामा दिला आणि शाळेने त्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला देऊन निरोप दिला. बऱ्याच उशिरा आईवडिलांनी तक्रार केली, तेव्हा बचाव पक्षाच्या हातात पहिला कागद होता तो शाळेच्याच चौकशीचा: मुलाने स्वतः नाकारलं आहे.

म्हणून आरोप शाळेतल्याच कोणावर असेल, तर त्याला बोलावून जाब विचारू नका, माफीनामा लिहून घेऊ नका आणि राजीनामा तर अजिबात स्वीकारू नका. राजीनाम्याने तो फक्त दुसऱ्या शाळेत जातो. त्याला मुलांपासून दूर अशा कामावर ठेवा आणि पोलिसांना लगेच कळवा. त्याला काय विचारायचं ते पोलीस विचारतील. शाळेच्या कर्मचाऱ्याने केलेला असा गुन्हा कायदा जास्त गंभीर मानतो, शिक्षाही जास्त आहे. दरम्यान सीसीटीव्हीकडे त्याच दिवशी लक्ष द्या. डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जागा भरली की नवं चित्रण जुन्यावर चढत जातं आणि काही दिवसांनी हवा तो दिवस सापडत नाही. चित्रण कोणी चाळत बसू नये, त्यातला तुकडा कापून व्हॉट्सअॅपवर टाकू नये. यंत्र सुरक्षित ठेवून पोलिसांना सांगावं. हजेरीपट, गेटवरची नोंदवही, बसमधल्या मदतनीस ताईंची वही, यात एक अक्षरही नंतर बदलायचं नाही.

घरी कधी सांगायचं, हे त्रास देणारा माणूस कुठला आहे यावर ठरतं. तुमच्या बाबतीत तो घराबाहेरचा आहे. तेव्हा आईवडिलांना आज प्रत्यक्ष भेटा, फोनवर सांगू नका. मुलीसमोर सांगू नका. मुलीचे शब्द सांगा, तुमचा अंदाज सांगू नका. आई कोसळेल, वडील व्हॅनवाल्याला मारायला उठतील. त्यासाठी तुमच्याबरोबर आणखी एक शांत माणूस असू द्या. मारहाण झाली तर वडिलांवरच गुन्हा होतो आणि मुलीला वाटतं, आपण बोललो म्हणून हे झालं. तिचे त्या दिवशीचे कपडे धुवू नका, प्लास्टिकच्या नव्हे तर कागदी पिशवीत ठेवा, हे आईला सांगा. पालक म्हणतील, "आमच्या मुलीचं नाव होईल, तक्रार नको." त्यांची भीती खरी आहे, ती ऐकून घ्या, तिच्यावर वाद घालू नका. पण त्यांनी नको म्हटलं तरी तुमचं कर्तव्य संपत नाही, हेही प्रेमाने आणि स्पष्ट सांगा. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, राहण्याची वस्ती, यातलं काहीच माध्यमांना छापता येत नाही. हे समजावल्यावर बरेच पालक तयार होतात, असा माझा अनुभव आहे.

घरातल्याच माणसाबद्दल मूल बोललं असेल, तर मात्र क्रम उलटा. नोंदवलेल्या गुन्ह्यांत दहांपैकी नऊहून जास्त वेळा त्रास देणारा मुलाच्या ओळखीचाच असतो, आणि त्यात घरचेही असतात. अशा वेळी घरी आधी फोन केला की संध्याकाळपर्यंत मूल बोलायचं बंद होतं, किंवा दुसऱ्या दिवसापासून गावी पाठवलेलं असतं. शाळा सुटायच्या आत पोलिसांना आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा, त्यांना शाळेत यायला सांगा. मुलाला घरी ठेवायचं की नाही, हे शाळेने ठरवायचं नसतं. ते बालकल्याण समिती, म्हणजे अशा मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती, ठरवते, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे तिला तीन दिवसांत ठरवावं लागतं.

पोलिसांत प्रत्यक्ष काय करायचं? चौकीत न जाता मुख्य पोलीस ठाण्यात जा. मुलीला बरोबर नेऊ नका. तुम्ही माहिती द्यायला जाता आहात. दोन प्रती घ्या. वर "वरिष्ठ पोलीस निरीक्षक यांस", विषय "लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, कलम १९ अन्वये माहिती", खाली चार-पाच ओळी आणि सोबत तुमच्या नोंदीची प्रत. मूळ नोंद स्वतःकडे जपून ठेवा आणि पोलिसांनी मागितली की पोच घेऊन द्या. ठाणे अंमलदारांना सांगा, की बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना भेटायचं आहे. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असतो. कलम १९ प्रमाणे तुमच्या माहितीला नोंद क्रमांक द्यावा लागतो, ती लेखी घ्यावी लागते आणि तुम्हाला वाचून दाखवावी लागते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि तो क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. गुन्हा नोंदला गेला तर एफआयआरची प्रत तुम्हाला मोफत मिळते.

"हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य पुण्यात ऐकावं लागण्याची शक्यता असते, कारण शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण अशी तीन पोलीस दलं शेजारी शेजारी आहेत आणि मुलं एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीतल्या शाळेत येतात. हद्द कोणतीही असो, झिरो एफआयआर घेता येते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ मध्ये, तसं स्पष्ट लिहिलं आहे. शांतपणे ते सांगा. तरीही टाळाटाळ झाली तर तिथूनच ११२ ला फोन करा, मग पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात आणि बालकल्याण समितीकडे तोच अर्ज लेखी द्या. शहरात पोलीस आयुक्तालयाचा भरोसा सेल, म्हणजे महिला आणि मुलांसाठीचा मदत कक्ष आहे, तिथेही मदत मिळते. १०९८ हा क्रमांक रात्री-अपरात्री चालतो आणि तिथल्या लोकांनाही ही माहिती पोलिसांना द्यावीच लागते. माझं मत विचाराल तर फोन जरूर करा, पण लेखी अर्जही द्या. पुढे कोणी विचारलं, "तुम्ही कळवलं होतं का?" तर दाखवायला शिक्क्याची प्रत लागते.

पुढे मुलीला पोलीस ठाण्यात बसवून ठेवतील, ही भीती पालकांच्या मनातून काढा. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, तिच्या विश्वासाच्या माणसाच्या उपस्थितीत. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. आरोपी तिच्या समोर येता कामा नये. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करते, आई बरोबर असू शकते, आणि उपचारासाठी एफआयआरची वाट बघावी लागत नाही. ससून रुग्णालयात किंवा पिंपरीत वायसीएम रुग्णालयात गेलात तर हे मागून घ्या. चोवीस तासांच्या आत पोलिसांनी बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलीला एक सहायक व्यक्ती मिळू शकते, जी शेवटपर्यंत तिच्या कुटुंबाबरोबर राहते; समितीकडे ती मागा, आपोआप मिळेल म्हणून बसू नका.

"तसं काही निघालं नाही तर?" हा तुमचा दुसरा प्रश्न. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कोणतीही जबाबदारी येत नाही, हे कलम १९ मध्येच लिहिलं आहे. शिक्षा होते ती कोणाला छळण्यासाठी, बदनाम करण्यासाठी मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला. मुलीचे शब्द जसेच्या तसे पोचवणारी बाई त्यात बसत नाही. तपासात काही निघालं नाही, तरी त्या माणसाला दोषी ठरवलं होतं असं कोणी म्हणू शकत नाही, कारण तुम्ही त्याच्यावर आरोप केलेलाच नसतो. तुम्ही ऐकलेलं सांगितलेलं असतं. म्हणूनच नोंद कशी लिहायची, यावर मी एवढे शब्द खर्च केले.

नोकरीची भीती मी हलकी मानत नाही. विनाअनुदानित शाळेतल्या, वर्षावर्षाच्या नेमणुकीवरच्या शिक्षिकेला "उद्यापासून येऊ नका" ऐकायला लागू शकतं. त्यासाठी हे करा. आज मुख्याध्यापिकांना चार ओळींचा ईमेल पाठवा: अमुक दिवशी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, कलम १९ प्रमाणे आज पोलिसांना माहिती देणं आवश्यक आहे, शाळेतर्फे आपण दोघी जाऊ या, नाहीतर मी स्वतः जाईन. भाषा आदराची ठेवा, मुलीचं नाव ईमेलमध्ये घालू नका. हा कागद तुमचं रक्षण करतो आणि मुख्याध्यापिकांनाही भानावर आणतो, कारण आता न कळवण्याची जबाबदारी त्यांच्या नावावर लेखी आली. पुष्कळदा असा ईमेल गेल्यावर मुख्याध्यापिका स्वतः बरोबर येतात. त्यांनाही वरून दबाव असतो आणि "कायद्याने करावंच लागतं" हे वाक्य संस्थाचालकांसमोर त्यांच्याही उपयोगी पडतं. पण उत्तराची वाट बघत उद्यावर जाऊ नका.

काही प्रसंग याहून अवघड असतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. दहावी-अकरावीतल्या दोघांचं आपसांत जुळलेलं असतं आणि शिक्षकांना कळतं. अठराखालच्या मुलांची संमती हा कायदा मानत नाही, आणि न्यायालयांतही यावर बरंच बोललं गेलं आहे. मलाही ते जड जातं. पण शारीरिक संबंध असल्याचं कळलं असेल तर कळवण्यातून शिक्षकाला सूट नाही. फक्त वर्गात, पालकसभेत त्यांची शोभा करू नका. मुलानेच दुसऱ्या मुलाला त्रास दिला असेल, तरी कळवायचंच. ते प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, आणि काळजी दोघांचीही घ्यावी लागते. घरी पट्ट्याने मारतात, उपाशी ठेवतात, लग्न ठरवलं आहे, असं कळलं तर पोक्सो लागत नाही, पण बाल न्याय अधिनियम, २०१५ आहे. १०९८ किंवा बालकल्याण समिती हा तिथला रस्ता. आणि वर्गात शिक्षकानेच मारलं असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने ती शिक्षा बंद केलेली आहे.

मुलग्यांबद्दल एक वाक्य जास्त, कारण त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास तेरा राज्यांत झाला. त्यात निम्म्याहून अधिक मुलामुलींनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला होता, आणि सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. "मुलगा आहे, त्याला काय होतंय" म्हणून सोडून देऊ नका.

शाळांना आणखी एक विनंती. "चांगला स्पर्श, वाईट स्पर्श" हे सत्र ठेवायच्या आधी त्या दिवशी ऐकून घेणारी दोन माणसं तयार ठेवा. सत्रानंतरच्या तासाभरात मुलं बोलतात, आणि नेमकं तेव्हा सगळे पाहुण्यांच्या चहात असतात.

गुन्हा नोंदल्यावर मुलगी शाळेत येईल, तेव्हा तिची जागा, तिचा बाक, तिचं स्नेहसंमेलनातलं काम आहे तसंच राहू द्या. फार लाड नकोत, कुजबुज तर नकोच. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय येताच थांबवा. "तुम्हालाच बरं पडेल" म्हणून पालकांच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला देण्याचा प्रयत्न झाला, तर बालकल्याण समितीला कळवा. अत्याचार झालेल्या महिला-मुलांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मिळणाऱ्या साहाय्यासाठी पालकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. ते कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातच आहे.

आणि तुम्हाला साक्षीचं समन्स येईल. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पूर्ण व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो. खटला बंद दाराआड चालतो, प्रेक्षक नसतात. आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटा आणि तुमची नोंद पुन्हा वाचून जा. तिथे तुम्हाला तीन गोष्टी विचारतील: ती काय म्हणाली, तुम्ही काय विचारलंत आणि तुम्ही कोणाला, कधी कळवलंत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आजच्या तारखेचं असू द्या.